माझी सही जुळत नव्हती

परवा कराडहून पुतण्याचा व्हॉइस मेसेज आला. सव्वातीन मिनिटांचा. त्यातली पहिली अडीच मिनिटं वॉर्डातल्या नगरसेवकाचा उद्धार: एका चिन्हावर निवडून आला, अंगावरचा गुलाल धुवायच्या आत दुसऱ्यांच्या गाडीत जाऊन बसला, आणि गटाराचं काम होतं तिथंच आहे. शेवटी मुद्दा आला. "काकू, तुमच्याकडं म्हणे नगरसेवकाला मुदतीआधीच घरी पाठवता येतं. तू तसलं मतदान केलंयस असं काका म्हणत होते. कसं असतं ते, सांग की."

केलंय. एकदाच, डिसेंबर २०२१ मध्ये. उत्तर बोलायला लागले तर सात मिनिटं झाली आणि मी अजून प्रस्तावनेतच होते. म्हणून इथं लिहितेय.

मी राहते सिॲटलमध्ये, सेंट्रल डिस्ट्रिक्ट नावाच्या भागात, तेविसाव्या ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत. ही एके काळची कृष्णवर्णीयांची वस्ती. १९७० च्या सुमारास इथल्या दहांतली सात माणसं कृष्णवर्णीय होती. आता दहात दोनही नसतील. भाडी वाढत गेली, जुनी माणसं दक्षिणेकडे सरकत गेली, आणि त्यांच्या जागी आमच्यासारखी आली. हेही लिहायला हवं. सिटी कौन्सिलच्या हिशेबात आमचा प्रभाग तिसरा. त्याच्या एका टोकाला कॅपिटल हिलवर भाड्याच्या छोट्या खोल्यांत राहणारी पोरं, दुसऱ्या टोकाला लेक वॉशिंग्टनच्या काठचं मॅडिसन पार्क आणि त्याला लागून ब्रॉडमूर. तिथं अख्ख्या वस्तीला फाटक आहे आणि फाटकाच्या आत गोल्फचं मैदान. अशा प्रभागाचा एकच नगरसेवक असतो. २०२१ मध्ये आमची नगरसेविका होती क्षमा सावंत.

हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा इथल्या मराठी लोकांत पहिला प्रश्न, "सावंतवाडीची का गं?" नाही. जन्म पुण्याचा, वाढली मुंबईत, पण घर तमिळ. सावंत हे आडनाव पहिल्या लग्नाचं. हे कळल्यावर निम्म्या मंडळींचा उत्साह मावळला, आणि ती समाजवादी आहे हे कळल्यावर उरलेल्या निम्म्यांचा.

मुंबईत कॉम्प्युटर शिकलेली, अमेरिकेत येऊन अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेली, सिॲटल सेंट्रल कॉलेजात शिकवणारी ही बाई २०१३ मध्ये १६ वर्षं कौन्सिलमध्ये बसलेल्या रिचर्ड कॉनलिनना हरवून निवडून आली. पुढच्याच जूनमध्ये कौन्सिलने ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा एकमताने मंजूर केला. श्रेय एकटीचं नाही, पण तिचा धक्का नसता तर ती गाडी हलली नसती असं तिचे विरोधकही म्हणतात. पगारातले वर्षाला ४० हजार डॉलर स्वतःला ठेवायचे आणि बाकीचे चळवळीला द्यायचे, असा तिचा नियम.

आणि तरी सांगते, ती बोलायला लागली की मी दमते. साधा पार्किंगचा विषय असला तरी पाचव्या मिनिटाला भांडवलशाहीच्या मुळाशी पोचायचं. सहकारी नगरसेवकांना तोंडावर फटकारायचं. मी फर्स्ट हिलवरच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर नळ्या, आकडे, लेबलं. घरी आल्यावर मला घोषणा नको असतात. नवऱ्याचं आणि माझं यावर एकमत होतं. कशावर नव्हतं ते पुढे येईलच.

२०२० चा उन्हाळा आठवतो का? पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा खून झाला आणि आमच्या घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर, कॅपिटल हिलवर, पोलीस आणि निदर्शक रोज रात्री समोरासमोर. अश्रुधूर एवढा की आसपासच्या घरांतून तक्रारी येत होत्या. ८ जूनला पोलिसांनी ईस्ट प्रिसिंक्ट हे ठाणं सोडलं, आणि त्याच्याभोवतीच्या गल्ल्यांत निदर्शकांनी तीनेक आठवडे आपलं राज्य मांडलं. ९ जूनच्या रात्री क्षमाने आपल्या चावीने सिटी हॉलचं दार उघडून शेकडो निदर्शकांना आत घेतलं. कोविडमुळे इमारत लोकांसाठी बंद होती. तासाभराने सगळे बाहेर आले, नासधूस झाली नाही. महिन्याच्या शेवटी महापौर जेनी डर्कन यांच्या घरावर मोर्चा गेला. डर्कन आधी केंद्र सरकारच्या वकील होत्या आणि त्या कामामुळे आलेल्या धमक्यांपायी त्यांचा पत्ता कायद्याने गुप्त ठेवलेला होता. मोर्चात क्षमा होती. तिचं म्हणणं, मोर्चा मी आखलेला नव्हता, मी तिथं बोलले. तिसरी भानगड आधीची: ॲमेझॉनसारख्या मोठ्या कंपन्यांवर कर लावण्याचा प्रस्ताव मतदानाला आणण्याच्या प्रचारात शहराचे पैसे वापरले. रक्कम दोन हजार डॉलरच्या आतली. २०२१ च्या मे महिन्यात तिने हे मान्य करून दुप्पट, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास दंड भरला.

ह्या तीन गोष्टींवर रिकॉल उभं राहिलं. रिकॉल म्हणजे तू विचारलंस ते, निवडून दिलेल्याला मुदतीआधी मतदानाने घरी पाठवणं.

आता पुतण्या, इथं नीट ऐक. आमच्या वॉशिंग्टन राज्यात 'आम्हाला हा आवडत नाही' एवढ्यावर रिकॉल होत नाही. कॅलिफोर्नियात होतं; त्याच सप्टेंबरात त्यांनी गव्हर्नर न्यूसमवर मतदान घेतलं, आणि तेही टिकले. आमच्याकडे १९१२ पासून राज्यघटनेतच तरतूद आहे, पण आधी आरोप लिहून द्यायचे, मग न्यायाधीश बघणार. आरोप खरे की खोटे हे तो बघत नाही. खरे धरून चाललं तर पदावरून काढण्याइतके ते गंभीर आहेत का, एवढंच बघतो. क्षमावर सहा आरोप होते; खालच्या कोर्टाने चार ठेवले, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०२१ ला तीन. (तारखेवरून आमच्या घरात विनोद झाले.) त्याच सुप्रीम कोर्टाने आदल्या ऑक्टोबरात महापौर डर्कन यांच्यावरचं, अश्रुधुरासंबंधीचं रिकॉल मात्र दारातच परतवलं होतं. क्षमाची माणसं हे प्रत्येक सभेत सांगायची, आणि मला ते पटायचं.

कोर्टानंतर सह्या. गेल्या निवडणुकीत त्या पदासाठी जितकी मतं पडली त्याच्या २५ टक्के. आमच्या प्रभागात हा आकडा १०,७३९ निघाला.

हा २५ टक्क्यांचा आकडा वाचला आणि मला एकदम आत्या आठवली.

माझी आत्या पाटण तालुक्यातल्या एका गावात दिलेली. गावात देशी दारूचं दुकान होतं, एसटीच्या थांब्याला लागून. आत्याने आणि बचत गटातल्या बायांनी ते बंद करायचं मनावर घेतलं. महाराष्ट्रात त्याची रीत आहे: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, सरकारी माणूस येऊन सह्या तपासणार, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मी तेव्हा सुट्टीला गेले होते. आत्या सकाळी भाकऱ्या उरकून वही घेऊन बाहेर पडायची ती दुपारी दोनला यायची. सही येणाऱ्या बाया कमी, अंगठेच जास्त. आणि सही तपासणीचा दिवस म्हणजे खरी परीक्षा. साहेब टेबल मांडून बसलेला, एकेकीला नाव पुकारून विचारतोय, "ही सही तुमचीच का?" मागे पाच हातांवर दुकानदाराची पोरं उभी. दोन बाया तिथंच म्हणाल्या, आमची नाही. आदल्या रात्री त्यांनीच आत्याला घरात बसवून चहा दिला होता.

तपासणीतून पार पडलं, मतदान झालं. आडव्या बाटलीला उभ्या बाटलीच्या चौपट मतं. आणि दुकान राहिलं. कारण नियम असा की मतदानाला आलेल्यांच्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. यादीत मुंबईला नांदायला गेलेल्या मुली होत्या, मेलेल्या सासवा होत्या. जी आली नाही ती बाटलीच्या बाजूची धरली गेली. आत्या त्या दिवशी रडली नाही, पण पुढे कितीतरी वर्षं यादी हा शब्द ती शिवीसारखा उच्चारायची.

तर सिॲटलच्या सह्या. जून २०२१ च्या एका शनिवारी किराणा दुकानाच्या दारात एक सभ्य गृहस्थ पॅड घेऊन उभे. "रिकॉल सावंत, सही कराल?" मी म्हटलं, विचार करते. ते हसून म्हणाले, जरूर करा. जुलैच्या मध्यावर त्याच दारात लाल टीशर्टातली मुलगी, हातात पॅड. मला वाटलं ही क्षमाची माणसं, विरोधातलं काही असेल. तर नाही! तीही रिकॉलच्याच अर्जावर सही मागत होती. मी दोनदा विचारून घेतलं. झालं असं होतं की रिकॉलवाल्यांच्या सह्या संथ चालल्या होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पुऱ्या झाल्या तर मतदान नोव्हेंबरच्या नेहमीच्या निवडणुकीबरोबर होणार, नाहीतर हिवाळ्यात स्वतंत्र. नोव्हेंबरात महापौरपदाची निवडणूक, मतदार भरपूर बाहेर पडणार. एकट्या निवडणुकीला भाडेकरू पोरं विसरणार, आणि तळ्याकाठची मंडळी विसरणार नाहीत. म्हणून क्षमाने पत्रकारांना बोलावून स्वतःला काढण्याच्या अर्जावर स्वतःची सही केली, आणि तिच्या कार्यकर्त्यांनी हजारो सह्या गोळा केल्या! रिकॉलवाले म्हणाले ही नौटंकी आहे. नौटंकी होतीच, पण गणित बरोबर होतं. एकाच कागदावर दोन उलट्या बाजूंची माणसं सही मागतायत, असं मी कराडच्या राजकारणातही पाहिलं नव्हतं. मी दोघांनाही सही दिली नाही.

रिकॉलवाल्यांनी १६ हजारांवर सह्या सप्टेंबरात नेऊन दिल्या. नोव्हेंबर हुकला. तारीख लागली ७ डिसेंबर, थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या मध्ये.

घरातला वाद ह्या काळातला. नवरा 'हो'च्या बाजूचा. "कुलूप लावलेलं सरकारी ऑफिस आहे. तुझ्याकडे चावी आहे म्हणून रात्री जमाव आत घेशील? जानेवारीत वॉशिंग्टन डीसीत काय झालं बघितलंस ना? उद्या दुसऱ्या टोकाचा नगरसेवक असंच करेल, तेव्हा काय म्हणशील?" प्रश्न सोपा नव्हता. मी म्हटलं, तिथं ट्रम्पचे लोक संसदेत मतमोजणी उधळायला गेले होते, इथं भाषणं करून तासाभरात घरी आले. तो म्हणाला, हेतू मोजायला लागलीस की नियम संपला. मग मी म्हटलं, दंड भरला ना तिने? "एका आरोपाचा." मग मी म्हटलं, दोन वर्षांनी निवडणूक आहेच, पाड की तेव्हा. तो म्हणाला, "तेव्हा समोर कोण उभा राहील काय माहीत."

तो हे सहज बोलून गेला, आणि माझं मत तिथं ठरलं. रिकॉलमध्ये समोर कोणी नसतं. नेहमीच्या निवडणुकीत मला क्षमाचा कंटाळा आला तरी समोरच्याचं तोंड बघावं लागतं, त्याच्या मागे कोणाचे पैसे आहेत ते बघावं लागतं. २०१९ मध्ये बघितलंच होतं. ॲमेझॉनने त्या एका हंगामात शहराच्या निवडणुकीत १५ लाख डॉलर ओतले होते. रिकॉलमध्ये बाई एकटी उभी आणि समोर रिकामी खुर्ची. रिकाम्या खुर्चीचा कोणाला कंटाळा येणार? ती कधी लांब भाषण करत नाही. क्षमा पडली असती तर त्या खुर्चीत कोण बसणार हे मी नाही, उरलेले आठ नगरसेवक ठरवणार होते. मी कंटाळ्यावर मत द्यायला निघाले होते, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

मतपत्रिका थँक्सगिव्हिंगच्या आधी पोस्टाने आल्या. आमच्याकडे सगळं मतदान पोस्टानेच. वर आरोपांचा गोषवारा बारीक अक्षरात, खाली दोनच चौकटी: रिकॉल हो, रिकॉल नाही. क्षमा हवी असेल तर 'नाही'. शेजारच्या म्हातारीने मला फोन करून विचारलं, ठेवायची असेल तर नक्की कुठे खूण करायची? आडवी बाटली, उभी बाटली. चित्रं होती तेच बरं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत असा एक दिवस गेला नाही की दाराला कागद अडकवलेला नव्हता. दोन्ही बाजूंनी मिळून १५ लाख डॉलरच्या वर पैसा जमा झाला, एका प्रभागाच्या एका खुर्चीसाठी. क्षमाच्या कार्यकर्त्यांनी कॅपिटल हिलवर भर पावसात फुटपाथवर टेबलं मांडली आणि प्रिंटर ठेवले. मतपत्रिका हरवलेल्याने तिथंच नवीन छापून घ्यायची. कायद्यात बसत होतं. नवरा म्हणाला, "आता मतदान केंद्रच पार्टीचं झालं." मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही ते फारसं रुचलं नव्हतं.

६ डिसेंबरला, सोमवारी संध्याकाळी, आम्ही दोघं चालत गारफिल्ड कम्युनिटी सेंटरसमोरच्या पेटीत पाकिटं टाकून आलो. साडेचारलाच अंधार, बारीक पाऊस. त्याचं हो, माझं नाही. येताना तो म्हणाला, "बेरीज शून्य. घरीच बसलो असतो तरी तेच." मी म्हटलं, चालणं झालं.

मंगळवारी रात्री पहिला आकडा आला: हो ५३, नाही ४७. नवऱ्याने काही न बोलता चहा टाकला, यात त्याचा मोठेपणा. पण ह्या शहरात पहिल्या रात्रीवर जायचं नसतं. तरुण पोरं शेवटच्या संध्याकाळी पेटीत पाकीट टाकतात, ती मतं दिवस-दोन दिवसांनी मोजली जातात. २०१९ मध्ये क्षमा पहिल्या रात्री आठ टक्क्यांनी मागे होती आणि आठवड्याच्या शेवटी जिंकली होती. ह्या वेळीही तसंच चाललं. रोज थोडा फरक कमी होत गेला, आणि शुक्रवारी ती पुढे गेली. दोनशे-अडीचशे मतांनी.

आणि त्याच दोन दिवसांत मला पत्र आलं. तुमच्या पाकिटावरची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. सोबतच्या अर्जावर सही करून १६ तारखेपर्यंत परत करा, नाहीतर तुमचं मत मोजलं जाणार नाही.

आधी मला राग आला. वीस वर्षं इथं, नागरिक होऊन सहा वर्षं, माझीच सही बरोबर जुळत नाही? मग आठवलं. त्या आठवड्यात मी भारतातल्या कागदांवर सह्या करत होते. वडिलांच्या मागे राहिलेलं एक बँक खातं आणि साडेसहा गुंठ्यांचा सातबारा, भावाने कुरियरने पाठवलेला गठ्ठा, प्रत्येक पानावर दोन ठिकाणी. ती सही मराठीत, शाळेपासूनची, शेवटी खाली एक रेघ ओढलेली. हात त्याच लयीत होता आणि मतपत्रिकेच्या पाकिटावरही मी तीच करून मोकळी झाले होते. कचेरीतल्या नोंदीत माझी इंग्रजी सही. त्यांची काही चूक नव्हती. लॅबमध्ये नळीवरचं लेबल आणि कागदावरचं नाव जुळलं नाही तर मीही नमुना बाजूला काढून ठेवते.

पण सही न जुळलेल्यांची यादी प्रचारवाल्यांनाही मिळते, हे मला माहीत नव्हतं. शनिवारी सकाळी लाल मास्कवाला पोरगा दारात. "तुमचं मत अडकलंय, अर्ज भरायला मदत करू का?" दुपारी दुसऱ्या बाजूची बाई, तोच प्रश्न. मी कुठे खूण केलीय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आडनाव बघून दोघांनी आपापला अंदाज बांधला असणार. दोघांनाही मी चहाचं विचारलं, दोघांनाही सांगितलं नाही. मला सारखं ते टेबल दिसत होतं, तो साहेब, आणि मागे उभी पोरं. ही सही तुमचीच का?

अर्ज भरून लगेच पाठवला असता तर ही गोष्ट इथं संपली असती. पण त्या आठवड्यात लॅबमध्ये दोन जणी कोविडने घरी, मी रोज जादा पाळी करत होते, आणि अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी पहाटे साडेपाचला निघताना बघते तर माझ्या डब्याच्या पिशवीवर तो अर्ज, वर पेन ठेवलेला. नवरा झोपेतच म्हणाला, "सही कर. इंग्रजीत कर. मी जाताना टाकतो."

फरक काही शेकड्यांत आला होता. त्याची बाजू हरत होती. माझा कागद फ्रिजवर राहिला असता तर त्याच्या विरुद्ध बाजूचं एक मत कमी झालं असतं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तो दिवसभर आकड्यांतच असतो. मी सही केली. त्याने टाकला. ह्यावर आम्ही तेव्हाही बोललो नाही आणि नंतरही नाही. हे वाचून तो काय म्हणेल ते बघू.

१७ डिसेंबरला निकाल पक्का झाला. नाही २०,६५६. हो २०,३४६. फरक ३१०. प्रभागात साधारण ७७ हजार मतदार, त्यातले ५३ टक्के आलेले. डिसेंबरातल्या एकट्या मतदानाला एवढे कोणी धरले नव्हते. आत्याचा नियम इथं असता तर क्षमाला काढायला ३८ हजारांवर मतं लागली असती आणि हा खेळ झालाच नसता. आत्याच्या गावाला सिॲटलचा नियम असता तर दुकान त्याच दुपारी बंद. कुठला बरोबर, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. न येणाऱ्या माणसाचं मत धरायचं की सोडायचं, आणि धरायचं तर कोणाच्या खात्यात?

सिॲटलमध्ये हे पहिलंच रिकॉल नव्हतं, हे नंतर वाचनात आलं. १९११ मध्ये लोकांनी हायरम गिल नावाच्या महापौरांना काढलं. काही महिन्यांपूर्वीच राज्यात बायकांना मताधिकार मिळाला होता, आणि बायका हौसेने उतरल्या होत्या. तीन वर्षांनी तेच गिल पुन्हा महापौर म्हणून निवडून आले! आणि १९१८ मध्ये शाळा मंडळावरच्या ॲना लुईझ स्ट्राँग यांना काढलं, त्या पहिल्या महायुद्धाच्या विरोधात बोलत म्हणून. मंडळावर त्या एकट्याच बाई होत्या. क्षमाच्या माणसांनी हे प्रचारात अजून वापरायला हवं होतं, असं माझं मत.

त्या ३१० वर पुढे काय लटकलेलं होतं ते २०२३ च्या फेब्रुवारीत कळलं. क्षमाने जातिभेदावर बंदी घालणारा प्रस्ताव आणला. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात तोवर असा कायदा नव्हता. २१ फेब्रुवारीला ६ विरुद्ध १ मतांनी तो झाला. आंबेडकरी कार्यकर्ते लांबून आले होते, विरोधातले हिंदू संघटनांचे लोकही आले होते, आणि आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस महाभारत. "इथं कुठे आलीय जात?" असं ज्यांनी लिहिलं त्यांतल्या एकीने मला पहिल्याच भेटीत आडनावावरून गाव आणि गावावरून बाकीचं काढून घेतलं होतं. मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं. नंतर मला दिवाळी फराळाचं बोलावणं यायचं थांबलं. असो. १५६ माणसांनी खूण वरखाली केली असती तर ती त्या दिवशी त्या खुर्चीत नसती. त्या वर्षीच्या निवडणुकीला ती उभीच राहिली नाही. डिसेंबरात मुदत संपली आणि गेली. म्हणजे नवऱ्याला हवं होतं ते दोन वर्षं उशिरा, पण झालं.

आता तुझ्या नगरसेवकाचं, पुतण्या. महाराष्ट्रात मतदारांनी सह्या करून नगरसेवकाला मध्येच काढायची सोय कायद्यात नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला तर तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो, एवढंच काय ते जवळपासचं. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात नगराध्यक्षांसाठी आहे. तिथं मतपत्रिकेवर खुर्चीची चित्रं असतात, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. तुला मागणीच करायची असेल तर ती कर. पण आधी ठरव की काढायला कारण लागेल का, आणि कारण पुरेसं आहे हे कोण बघेल. "पक्ष बदलला" हे मला कारण वाटतं. "गटार झालं नाही" हे निवडणुकीचं कारण वाटतं. आणि त्याच्या जागी कोण, हे तुझ्या मेसेजमध्ये सव्वातीन मिनिटांत एकदाही आलं नाही.

सह्या गोळा करायला लागलास तर आत्याकडं जाऊन ये. ऐंशीला टेकलीय, पण वही अजून जपून ठेवलीय तिने.

माझ्या सहीचं म्हणशील तर जानेवारी २०२२ मध्ये मी निवडणूक कचेरीला नवीन नमुना पाठवला. आता नोंदीत मराठी सही आहे, खालच्या रेघेसकट. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत जुळलीय. नवऱ्याची अजून इंग्रजीत, आणि पेटीपर्यंत आम्ही अजून बरोबरच चालत जातो.